एवढ्या उभ्या डोंगरावर गवत टिकतं कसं? (ह्योफात्स, आल्गॉय आल्प्स)

ओढाळ_वासरू

राम राम मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, तेव्हा आधी थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

म्युनिकला येऊन चार वर्षं झाली. आल्प्स म्हटलं की डोळ्यांसमोर एक तर बर्फ येतो, नाही तर राखाडी कातळ. गवत असतं ते खाली, गाईंसाठी. हा समज गेल्या वर्षी मोडला. ओबर्स्टडॉर्फ हे आल्गॉय भागातलं, जर्मनीतलं सगळ्यात दक्षिणेकडचं गाव, म्युनिकहून ट्रेनने अडीच-पावणेतीन तासांवर. तिथून केबल कारने नेबेलहॉर्नला (२२२४ मी.) गेलो. पलीकडे थोडं चाललं की खाली झेआल्पझे नावाचं तळं दिसतं. तळ्याच्या काठापलीकडे जमीन एकदम संपते, खाली ऑयटाल नावाची खोल दरी आहे आणि तिच्या पल्याड हा बाबा उभा. म्हणजे ही बाई, कारण जर्मन लोक तिला 'डी ह्योफात्स' म्हणतात, स्त्रीलिंगी. (उच्चार नक्की कसा लिहायचा यावर भांडायला मी तयार आहे, पण धाग्याच्या शेवटी.)

उंची २२५९ मीटर. आल्प्सच्या मानाने काहीच नाही. मागचा मेडेलेगाबेल, बाजूचा ट्रेट्टाख हे २६०० च्या आसपास आहेत आणि सगळे करडे, उघडे. ही एकटी पायथ्यापासून टोकापर्यंत हिरवी. तेही कसं, तर चार सुळके, त्यांच्यामध्ये पात्यासारख्या धारा, आणि त्या सगळ्यावर गवत. कुणीतरी ओली हिरवी शाल चार खुंट्यांवर वाळत टाकावी तशी. सह्याद्रीत एवढा चढ असला की कातळ उघडा पडतो. इथे चढ आहे, पण कातळ दिसत नाही. माझं डोकंच चालेना.

म्हणून यंदा जुलैत तिची प्रदक्षिणा केली. वर चढलो नाही, ते आधीच सांगतो. वाट अशी: ओबर्स्टडॉर्फहून गेर्स्टरूबेन (काळ्या पडलेल्या लाकडी घरांची चिमुकली वाडी, सुमारे ११५० मी.), तिथून डीटर्सबाखच्या दरीने आत जात राहायचं. डावीकडे सगळा वेळ ह्योफात्सचा दक्षिण उतार असतो. दरीच्या टोकाला चढ अंगावर येतो आणि आपण एल्प्लेझाटल या खिंडीत पोचतो, १७८० मी. खिंडीपलीकडे उतरलं की केझर आल्पे हा गुरांचा वाडा, तिथे ताक मिळतं. (हो, ताक. फक्त मीठ-जिरं आपलं आपण न्यायचं.) मग धबधब्याशेजारून ऑयटालमध्ये उतरून परत गावात. पूर्ण दिवस जातो आणि गुडघे दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात.

खिंडीत बसून डबा खाल्ला. तिथून वर शिखराकडे जाणारी सोंड दिसते. सुरुवातीला अगदी आपल्या रतनगडाच्या वाटेवरची असावी तशी, मग उभी होत जाते, आणि शेवटी मला कळेना की याला उतार म्हणायचं की भिंत. पुस्तकी आकडा ६० ते ७० अंश. तिथेही गवत! वाऱ्यावर डुलतंय!

तर जाणकारांना प्रश्न: एवढ्या उतारावर माती थांबते कशी? आणि शेजारच्या डोंगरावर नाही, हिच्यावरच का?

फोटो डकवलेत. दिसत नसतील तर सांगा.

चिंगी७

फोटो दिसत नाहीत.

ओढाळ_वासरू

दुरुस्त केलं. आता बघा.

चिंगी७

दिसले. अगं बाई. तिसऱ्या फोटोत वरती ठिपके आहेत त्या मेंढ्या की माणसं?

ओढाळ_वासरू

माणसं. दोन. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि माझेच तळवे घामेजले होते.

कडेलोट

फोटो झकास. पण ७० अंशावर गवत ही लोणकढी आहे, माफ करा. उतार समोरून बघितला की नेहमी आहे त्यापेक्षा उभा वाटतो, हे कुणीही ट्रेकर सांगेल. अंश आणि टक्के यांत लोक गल्लत करतात ते वेगळंच. ४५ अंश म्हणजे १०० टक्के चढ: एक मीटर पुढे, एक मीटर वर. ६० अंश म्हणजे एक मीटर पुढे गेलात की पावणेदोन मीटर वर. ७० ला तोच आकडा पावणेतीनवर जातो. त्यावर माणूस उभा राहिला तर नाक गवताला लागेल. कुणीतरी ७० टक्के लिहिलं असेल आणि पुढच्याने ७० अंश केलं असेल. ७० टक्के म्हणजे जेमतेम ३५ अंश, तो मान्य.

ओढाळ_वासरू

@कडेलोट, संशय रास्त आहे, मीही घेतला होता. पायथ्यापासून शिखरापर्यंतची सरासरी अर्थातच एवढी येत नाही. पण नकाशावर वरच्या टप्प्यात समोच्च रेषा (समान उंची दाखवणाऱ्या) एकमेकींना चिकटल्यात. आणि नाक गवताला लागतं हे खरंच आहे. वर गेलेले लोक तेच सांगतात, दोन्ही हातांनी गवताचे झुबके धरत चढावं लागतं. शिखराची सगळ्यात सोपी वाटसुद्धा दुसऱ्या श्रेणीच्या प्रस्तरारोहणात मोजतात. 'प्रस्तर' म्हणायला तिथे फारसं काही नाही ही गंमत.

खवचट_खान

गवतारोहण म्हणा.

भूस्तर_काका

वासराने नेमका प्रश्न विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीत असताना एकदा त्या भागात जाणं झालं होतं. ह्योफात्स पाहिली ती ढगातून, पण दगड जवळून पाहिले.

उत्तर गवतात नाही, खालच्या दगडात आहे.

उत्तरेकडच्या आल्प्सचा हा सगळा पट्टा म्हणजे एकेकाळचा समुद्रतळ. टेथिस नावाचा जुना समुद्र. त्यात कोट्यवधी वर्षं थर साचत गेले, पण सगळे थर एका जातीचे नव्हते. ट्रायसिक काळात उथळ, उबदार पाण्यात जाडजूड डोलोमाईट (चुनखडकाचाच भाऊबंद) तयार झाला. मेडेलेगाबेल, ट्रेट्टाख, होखफोगेल हे उघडे करडे राक्षस त्याचे आहेत. डोलोमाईट काय करतो? तडकतो, त्याचे टोकदार तुकडे होतात, पाणी फटींतून खाली निघून जातं. त्याची झीज झाली तरी मागे चिकणमाती जवळजवळ राहत नाही. पाणी नाही, माती नाही, मग गवत कुठून येणार? खाली नुसते खडीचे ढीग साचतात.

पुढे ज्युरासिकमध्ये समुद्र खोल झाला. तळाशी चुना आणि चिखल मिसळून बसत गेले. यातून झाला मार्ल. मराठीत चुनखडीचा चिकणदगड म्हणू. आल्गॉयमध्ये याचे थर इतके जाड आहेत की भूशास्त्रात त्या रचनेला नावच आल्गॉयचं दिलंय. त्याच्याही वर, आणखी खोल पाण्यात, दोन गोष्टी साचल्या. एक म्हणजे रेडिओलॅरिया या सूक्ष्मजीवांच्या सिलिकाच्या कवचांचा गारगोटीसारखा कडक, बऱ्याचदा लालसर दगड. दुसरी म्हणजे पातळ थरांचा ॲप्टिकस चुनखडक. ॲप्टिकस हा अमोनाइट या नामशेष झालेल्या, शंखात राहणाऱ्या समुद्री प्राण्याच्या जबड्याचा भाग. शंख विरघळून गेले, जबडे तेवढे उरले. ह्योफात्सचं अंग मुख्यतः या शेवटच्या दगडाचं आहे.

आता बघा. हे थर पातळ आहेत, त्यांच्यात चिकणमातीचे पापुद्रे आहेत. झिजले की बारीक, ओल धरणारी, पोषक माती होते. गवताला आणखी काय हवं? पण त्याच वेळी त्यात सिलिकाचे कडक पट्टे आहेत, त्यामुळे डोंगर बसत नाही, वितळल्यासारखा गोल होत नाही. नुसता मार्ल असता तर उतार सौम्य झाला असता. नुसता कडक चुनखडक असता तर बोडका सुळका राहिला असता. ह्योफात्सवर सांगाडा कडक आणि कातडी मऊ, असा दुर्मीळ योग आला आहे.

त्यात आफ्रिका युरोपवर रेटली तेव्हा हे थर चुरगळले, उभे झाले. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे, एकावर एक पोळ्या रचाव्यात तसे. म्हणून आपल्याकडे पायऱ्या: कडा, मग पदर, परत कडा. गवत पदरावर, कडा उघडा. वासराला धक्का बसला तो या सवयीमुळे. तिथे पायऱ्याच नाहीत. थर तिरके-उभे असल्यामुळे गवत खालपासून वर एकसलग जातं.

तक्रार एकच: दगडाच्या फोटोत शेजारी काही ठेवलेलं नाही. तो पापुद्रा दोन सेंटिमीटरचा की दोन फुटांचा हे मला कसं कळावं?

चिंगी७

काका, पोळ्यांचं उदाहरण वाचून सगळं एकदम डोक्यात शिरलं. वाचनखूण साठवली.

कडेलोट

भूस्तर काका, दंडवत. पण मग त्या पट्ट्यातले सगळेच मार्लचे डोंगर असे का नाहीत? गेल्या वर्षी एका मित्राने फेलहॉर्नचे फोटो पाठवले होते, तोही हिरवागार आणि ओबर्स्टडॉर्फजवळचाच, पण तिथे आजीआजोबा फिरताना दिसत होते.

भूस्तर_काका

फेलहॉर्न (२०३८ मी.) वेगळ्या कुळातला. तो फ्लिश या वालुकाश्म-चिखलाच्या पट्ट्यात येतो, म्हणून पाठ रुंद आणि गोलसर. हिरवा रंग पाहून डोंगराची जात ठरवू नये. राउएक (२३८४ मी.) बघा, एल्प्लेझाटलपासून वर गेलं की तोच. ह्योफात्सपेक्षा सव्वाशे मीटर उंच, गवताचाच, आणि माथ्यापर्यंत पायवाट. श्नेक (२२६८ मी.) तर अर्धनारीनटेश्वर आहे: एका बाजूने गवताचा उतार, दुसऱ्या बाजूने सरळसोट कातळभिंत, जिथे गिर्यारोहक दोर लावून चढतात.

रानजाई

काकांनी दगड सांगितला, मी वर उगवणाऱ्याबद्दल लिहिते. वनस्पतीशास्त्र शिकवते, आल्प्समध्ये एक उन्हाळा काढला आहे, ह्योफात्सवर पाऊल ठेवलेलं नाही.

'गवत' हा शब्द आपण ढोबळपणे वापरतो. अशा उतारावर बरंचसं खरं गवत नसतंच, लव्हाळ्याच्या नात्यातल्या केरेक्स या गटातल्या जाती असतात, आणि त्यांच्या जोडीला निळसर तुऱ्याचं सेस्लेरिया हे खरं गवत. यातल्या काही जाती झुबक्याने वाढतात. वरून घरंगळणारी माती झुबक्याच्या वरच्या अंगाला अडकते, त्यातून एक इवलीशी पायरी होते. अशा हजारो पायऱ्या. म्हणजे डोंगर ६० अंशांचा असला तरी झुबका स्वतःपुरता सपाट अंगणात राहत असतो! शेतकरी ताली घालतो तसंच. फरक इतकाच की इथे तालही तोच आणि पीकही तोच.

पाऊसही भरपूर. ओबर्स्टडॉर्फला वर्षाला सुमारे १८०० मिमी. महाबळेश्वरच्या ५५०० पुढे तो काहीच नाही असं वाटेल, पण आपला सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने गवत वाळून कोळ होतं. तिथे तो वर्षभर वाटलेला आहे, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त. नेमकं गवताला हवं तेव्हा.

आणि झाडं का नाहीत हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. तिथली वृक्षरेषा साधारण १७०० मीटरच्या आसपास. ह्योफात्सच्या खालच्या उतारावर झाडं यायला हरकत नव्हती. पण हिवाळ्यात बर्फ सरकत राहतो आणि कोवळं रोप मुळासकट ओढून नेतो. गवत मात्र आडवं पडतं, वरून बर्फ जाऊ देतं आणि वसंतात उठून बसतं.

शेवटी एडलवाइस. ह्योफात्स त्यासाठी प्रसिद्ध. पांढऱ्या 'पाकळ्या' या पाकळ्या नसून लोकरीसारखी लव असलेली पानं असतात, खरी फुलं मधल्या पिवळट गोळ्यात. सूर्यफुलाच्या कुळातलं आहे ते. आल्प्सचं मानचिन्ह म्हणून मिरवतं, पण त्याच्या गोतावळ्यातल्या बहुतेक जाती आशियात आहेत. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत जाऊन आलेल्यांनी त्याची हिमालयातली भावंडं पाहिली असतील, बहुधा ओळखली नसतील.

खवचट_खान

म्हणजे एडलवाइस आपलंच. आता परत मागायला हवं.

धारकरी

धागा छान चाललाय, पण वासरू, तू 'वर चढलो नाही' असं जरा हळहळून लिहिलंयस म्हणून लिहितो. हळहळू नकोस.

मी वीस वर्षं सह्याद्रीत आडवाटा तुडवतोय. कातळ मला कधी घाबरवत नाही, खोबण दिसली की कळतं धरेल की नाही. घाबरवतं ते ऑक्टोबरनंतरचं गवत. घळीतून वर आलं, आता आडवी मारून खिंड गाठायची, आणि मधला ३०-४० मीटरचा गवताळ उतार वाळून पिवळा झालेला. बुटाखाली तेल लावल्यासारखं. एकदा नाशिककडच्या एका डोंगरावर असाच घसरलो, सहा-सात मीटर. कारवीचं एक झुडूप आडवं आलं म्हणून आज टंकतोय. तिथे उतार फार तर ४० अंश असेल.

६० अंशांवर तर विचारच नको. कातळावर माणूस घसरला तर सोबत्याचा दोर आहे, दोर कशाला तरी बांधलेला आहे. गवतात दोर बांधणार कशाला? मेख ठोकायला दगड नाही, असला तर काकांनी सांगितलं तसा पापुद्र्याचा. म्हणजे एकाच दोरात दोघं असतील तर दोघंही जाणार. तिथले लोक अशा डोंगरावर बुटाला लोखंडी काटे लावतात आणि हातात बर्फाची कुऱ्हाड घेतात हे माहीत होतं. ऐन उन्हाळ्यात, गवतावर! आधी हसलो होतो, मग समजलं.

मऊ दिसतं म्हणून लोक फसतात. कड्याला कुणी फसत नाही.

कडेलोट

धारकरी, पटतंय, पण थोडं जास्त घाबरवताय. ओलं हिरवं गवत वाळक्यापेक्षा चांगलं धरतं, आणि तिथल्या जुलैत ते हिरवं असतं ना?

धारकरी

कोरडं हिरवं धरतं. ओलं हिरवं धरत नाही. दोन्हींत फरक एका सरीचा. आणि तिथे सर कधी येईल हे तुम्हीच सांगा.

केम्प्टनची_मावशी

गेली सव्वीस वर्षं आल्गॉयमध्ये राहते, म्हणून या वादात पडतेच. धारकरी बरोबर बोलतायत. आमच्या शेजारचे आजोबा ह्योफात्सला 'गवताचं छप्पर' म्हणायचे. छपरावर दुपारच्या जेवणानंतर जायचं नसतं, हा त्यांचा नियम, कारण उन्हाळ्यात इथे गडगडाट दुपारी येतो.

आता तुमच्या चर्चेत न आलेली गोष्ट. माणसं या उतारांवर शतकानुशतकं जात होती, हौसेसाठी नाही, चाऱ्यासाठी. हिवाळा सहा महिन्यांचा. दरीतली कुरणं पुरायची नाहीत. मग गाई जिथे चढू शकत नाहीत तिथलं गवत माणसाने विळ्याने कापायचं. विळा म्हणजे आपला हातविळा नव्हे, खांद्याएवढ्या दांड्याचा लांब पात्याचा. पायाला लोखंडी काटे. कापलेलं गवत खांबाभोवती रचून ठेवायचं किंवा छोट्या लाकडी खोपट्यात भरायचं आणि हिवाळ्यात बर्फ घट्ट झाला की घसरगाडीवर लादून खाली आणायचं. त्यात माणसं मरायची, कधी उन्हाळ्यात पडून, कधी हिवाळ्यात बर्फाखाली. आपल्याकडे मधासाठी कड्यावर लटकणारे असतात ना, तशीच ही गत. पोट नेतं तिथे जायचं.

आणि गंमत बघा, हे गवत कापणं थांबलं तेव्हा डोंगर बिघडला. कापलेल्या किंवा चरलेल्या जमिनीवर आखूड, राठ खुंट राहतात, त्यात बर्फ अडकतो. न कापलेलं गवत लांब वाढतं, हिवाळ्यात उताराच्या दिशेने आडवं पडतं, विंचरलेल्या केसांसारखं. त्यावर बर्फ पडला की खालून जमिनीची ऊब, मध्ये पाण्याचा पातळ थर, आणि सगळा पांढरा गोधडा हळूहळू खाली सरकायला लागतो. वरती बर्फात आडवी भेग पडते, करड्या रंगाची. इथले लोक तिला 'माशाचं तोंड' म्हणतात. ते तोंड उघडलं की खालून चालायचं नाही, कारण तो सगळा पट्टा एकदम कधी सुटेल याचा नेम नाही.

सुटताना तो गवताचे लादेच्या लादे उपटून नेतो. उन्हाळ्यात हिरव्या उतारावर तपकिरी खरूज दिसते तीच ती. तिला 'ब्लायके' म्हणतात. एकदा पडली की कडेने वाढत जाते. वासराच्या पाचव्या फोटोत उजवीकडे एक दिसतेय बघा. रानजाईंनी म्हटलं तसा बर्फ झाडं येऊ देत नाही, तसंच गवताचंही कधी कधी ऐकत नाही तो.

ओढाळ_वासरू

मावशी! तो डाग मी भूस्खलन समजून चाललो होतो.

केम्प्टनची_मावशी

भूस्खलनच ते, फक्त वीतभर जाडीचं.

गेर्स्टरूबेनची घरं पाहिलीस, तिथे आता कुणी शेती करत नाही हे लक्षात आलं का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या शेतकऱ्यांनी घरंदारं विकली आणि खाली उतरले. घेणाऱ्या बड्या माणसाला शिकारीसाठी रान हवं होतं. घरं काही शे वर्षांची आहेत, जपून ठेवलीत, उपाहारगृह आहे, पर्यटक येतात. मला तिथे गेलं की नेहमी घसा दाटतो, का ते माहीत नाही. कोकणातल्या माझ्या आजोळच्या बंद घरासारखं वाटत असेल.

चिंगी७

मावशी, _/\_

रानजाई

मावशी, एडलवाइसचा पहारा सांगा ना. अर्धवट ऐकलंय.

केम्प्टनची_मावशी

हो, तो राहिलाच. पर्यटन वाढलं तसं एडलवाइस खुडून विकणं, टोपीत खोवणं, प्रेयसीला नेऊन देणं सुरू झालं. ह्योफात्सवर इतकं, की फूल संपायची वेळ आली, आणि ते काढताना लोक पडायला लागले. म्हणून १९३० च्या दशकापासून बेर्गवाख्ट या संघटनेचे स्वयंसेवक उन्हाळ्यात तिथे वर मुक्काम करून पहारा द्यायचे. वर एक छोटं खोपटंच होतं त्यांचं. हा पहारा चालला थेट २००७ पर्यंत! फुलांवर राखण, सत्तर वर्षं.

आज बेर्गवाख्ट म्हटलं की हेलिकॉप्टर, स्ट्रेचर, बचाव पथक आठवतं. पण १९२० मध्ये म्युनिकला ती सुरू झाली तेव्हा काम वेगळं होतं. डोंगरावर येणाऱ्या लोकांच्या वागणुकीला आळा घालायचा आणि निसर्ग जपायचा. माणसं वाचवणं नंतर आलं. आता तो सगळा टापू १९९२ पासून संरक्षित क्षेत्र आहे, फूल तोडलं तर दंड.

खवचट_खान

आपल्या गडांवर वागणुकीला आळा घालायला अशी एक संघटना पाहिजे. बचाव नंतर बघू.

धारकरी

खान, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

कडेलोट

मी माझी लोणकढी परत घेतो. काल रात्री नकाशा उघडून वरच्या टप्प्यातल्या समोच्च रेषा मोजल्या. सलग ७० कुठे मिळाला नाही, पण ५५ च्या पुढे बऱ्याच ठिकाणी गेलो. नकाशा छोटे टप्पे गिळतो हे धरलं तर ६० ला माझी ना नाही. ७० वर अजून भांडेन.

बाय द वे, उच्चारावर भांडायचं राहिलं. 'होफाट्स' का नाही?

ओढाळ_वासरू

'हो' म्हणताना ओठ चंबूसारखे ठेवायचे आणि आतून 'हे' म्हणायचं. मग जे निघेल ते. देवनागरीत बसत नाही, 'ह्यो' ही तडजोड. आमच्या गावाकडे 'ह्यो' म्हणजे 'हा', आणि ती तर बाई. त्यामुळे मला रोज मजा येते.

सगळ्यांचे आभार. मला वाटलं होतं दोन ओळींचं उत्तर येईल. सप्टेंबरमध्ये गुरं खाली उतरतात तो सोहळा बघायला परत जाणार आहे, तेव्हा राउएकला जाईन म्हणतो. ह्योफात्स समोरून बघायची, एवढंच. धारकरी, खूश?

धारकरी

सकाळी लवकर नीघ. खूश.

केम्प्टनची_मावशी

गुरं उतरतात त्या दिवशी ओबर्स्टडॉर्फमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ट्रेनमध्येही नाही. आदल्या दिवशी डोंगर कर, रात्री माझ्याकडे ये. थालीपीठ करते. ऑयटालमधून उतरताना ती मोठ्यांची, पायाने रेटायची स्कूटर भाड्याने मिळते, तिच्यावर बसू नकोस. माझ्या नवऱ्याचं मनगट तिथेच मोडलं.

भूस्तर_काका

राउएकच्या वाटेवर लालसर पट्टे दिसले तर थांब. दगड उचलून आणू नकोस, संरक्षित क्षेत्र आहे. फोटो काढ. आणि शेजारी नाणं ठेव.

ओढाळ_वासरू

युरोचं चालेल ना काका?

भूस्तर_काका

कुठलंही चालेल. कुठलं ठेवलंस ते मात्र लिही.